आधी कान, मग तिकीट: पुण्यात नव्यानं ऐकायला शिकताना

पुण्यात नवीन आलेला माणूस पहिल्याच डिसेंबरात सवाईचं, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या उत्सवाचं, तिकीट काढतो, कारण सगळे काढा म्हणतात. दोन तास सतरंजीवर बसून पाय आखडतात. पुढच्या रांगेतले आजोबा एकदम 'वाह' म्हणतात आणि नेमकं काय घडलं हे त्याला उमगत नाही. मध्यंतरात तो निघतो आणि 'शास्त्रीय आपल्याला झेपत नाही' असं कायमचं ठरवून टाकतो. व्याख्यानांचंही तसंच होतं. एकदा जातो, प्रास्ताविक आणि सत्कार ऐकून कंटाळतो, पुन्हा जिथे ती होतात त्या टिळक रस्त्याकडे फिरकत नाही.

यात दोष त्याचाही नाही आणि गाण्याचाही नाही. क्रम चुकला, एवढंच. ऐकणं ही सवयीची गोष्ट आहे आणि सवय घरातून लागते. रेडिओ, मग व्याख्यान, मग मैफल, आणि हे तिन्ही अंगवळणी पडल्यावर हवं तर स्वतः माइकसमोर बसणं, असा क्रम मी सुचवेन. सगळं मिळून वर्षभर लागेल, पण फार पैसे लागणार नाहीत.

मी २००३ मध्ये परभणीहून आले. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात कॉट बेसिसवर राहत होते. घरमालकीणबाईंना आम्ही सगळ्या मुली काकू म्हणायचो. पहाटे दूध तापत ठेवलं की काकू रेडिओ लावायच्या आणि तो दहा वाजेपर्यंत चालू असायचा. मला उठवायला त्यांनी कधी हाक मारली नाही. "अगं, बातम्या लागल्या, सात वाजून गेले," एवढंच म्हणायच्या. पुढे जे काही ऐकायला शिकले, त्याची सुरुवात त्या स्वयंपाकघरातल्या फळीवर झाली.

पहिला महिना: फक्त रेडिओ

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. शिवाजीनगरला त्याची इमारत आहे. मूळ केंद्र मध्यम लहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर, ७९२ किलोहर्ट्झला लागतं आणि विविध भारती एफएमवर १०१ ला. रेडिओसंच नसेल तर फोनवर 'न्यूज ऑन एअर' हे प्रसार भारतीचं ॲप घ्या, त्यात पुणे केंद्र मिळतं. पण जमलं तर एक साधा संच विकत घ्याच. फोनवर ऐकताना मध्येच कुणाचा तरी मेसेज येतो आणि कान तिकडे जातो. संच मात्र फक्त बोलतो.

मध्यम लहरींवर खरखर येत असेल तर संच लगेच बिघडला असं समजू नका. त्या लहरींसाठीचा अँटेना संचाच्या आत, फेराइटच्या दांडीवर गुंडाळलेला असतो आणि तो विशिष्ट दिशेनंच नीट पकडतो. त्यामुळे बाहेरची तार ओढून उपयोग होत नाही, अख्खा संच हळूहळू फिरवून पाहावा लागतो. खिडकीजवळ ठेवा. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर हे मोठे शत्रू, ते बंद केले की आवाज किती स्वच्छ होतो ते पाहा. एफएमसाठी मात्र वरची लांबणारी दांडी लागते.

ऐकायचं काय? पहिले पंधरा दिवस काही निवडू नका. सकाळच्या सभेच्या सुरुवातीला लागा. आकाशवाणीच्या भाषेत प्रसारणाच्या प्रत्येक सत्राला 'सभा' म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात ऐकणाराही हजर धरलेला आहे. आधी तंबोऱ्याच्या नादावर ती ओळखीची धून वाजते, मग निवेदक वार आणि तारीख सांगतो, दिवसातले ठळक कार्यक्रम सांगतो. त्यातलं एक कागदावर लिहून घ्या आणि त्या वेळेला परत लावा. काम करता करता ऐकणं वेगळं आणि ठरवून ऐकणं वेगळं. रोज वीस मिनिटं ठरवून, हात रिकामे ठेवून ऐका.

या वीस मिनिटांत निवेदकाकडे लक्ष द्या. गाण्याआधी तो किती बोलतो? गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं कोणत्या क्रमानं घेतो? श्वास कुठे घेतो? बातम्या वाचणाऱ्याचा आवाज आणि संगीतसभेच्या निवेदकाचा आवाज यांत काय फरक आहे? जुने पुणेकर आजही 'सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहेत' हे वाक्य त्याच चालीत म्हणून दाखवतात. एका वाक्याची चाल इतकी वर्षं लोकांच्या कानात राहते, म्हणजे ते वाक्य किती नेमकेपणानं उच्चारलं गेलं असेल याचा विचार करा.

या केंद्राचा आणि शहराच्या साहित्य-संगीताचा संबंध किती जवळचा होता हेही माहीत असावं. गीतरामायण याच केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, केंद्रावरच्या सीताकांत लाडांची कल्पना, एकूण ५६ गीतं, आणि ती वर्षभर दर आठवड्याला येत राहिली. ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यांच्याकडून ऐकलंय की त्या वेळेला लोक रेडिओभोवती पूजेला बसावं तसे बसत. व्यंकटेश माडगूळकरांनी याच केंद्राच्या ग्रामीण विभागात अनेक वर्षं काम केलं. लेखक, गायक, निवेदक इथे एकाच जिन्यानं चढत-उतरत होते. म्हणून पुण्यात या तीन आवडी वेगवेगळ्या नाहीत.

खासगी एफएमही ऐका, तिथल्या आरजेंकडून वेग आणि हजरजबाबीपणा शिकण्यासारखा असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आणि फिल्म इन्स्टिट्यूटचा रेडिओ ९०.४ वर आहे. हे समुदाय रेडिओ, कमी ताकदीचे. त्यांचा पल्ला दहा-बारा किलोमीटरचा, म्हणून वाकड किंवा लोणी काळभोरला राहत असाल तर ते संचावर नीट लागतील याची खात्री नाही.

दुसरा टप्पा: व्याख्यान

कान भाषेला सरावला की बाहेर पडा. आधी कार्यक्रम शोधायचा कुठे? वृत्तपत्राच्या शहर पुरवणीत 'आजचे कार्यक्रम' अशा छोट्या अक्षरातल्या ओळी असतात, त्या रोज चाळा. त्यात विषय, वक्ता, स्थळ आणि वेळ एवढंच असतं आणि तेवढंच पुरतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निमंत्रणपत्रिकाही कामाच्या, पण त्यांतली तारीख याच वर्षीची आहे ना ते नीट पाहा. या सगळ्यांतल्या बहुतेक कार्यक्रमांना तिकीट नसतं. 'प्रवेश विनामूल्य' किंवा 'सर्वांसाठी खुला' असं लिहिलं असेल तर खरोखरच सर्वांसाठी खुला असतो. ओळख लागत नाही, निमंत्रण लागत नाही. मला हे समजायला दीड वर्ष गेलं. आत बसलेले सगळे एकमेकांना ओळखतात असं वाटून मी दारातून परत फिरायचे. सगळे ओळखत असतात हे खरंच आहे, पण तुम्ही तिसऱ्यांदा गेलात की तुम्हालाही ओळखतात.

सुरुवातीला टिळक रस्ता धरा. महाराष्ट्र साहित्य परिषद, जिला सगळे मसाप म्हणतात, तिची स्थापना २७ मे १९०६ ची. तिच्या माधवराव पटवर्धन सभागृहात पुस्तक प्रकाशन, चर्चा, स्मृतिव्याख्यानं असं वर्षभर काही ना काही चालू असतं. माधवराव पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन. त्याच रस्त्यावर टिळक स्मारक मंदिर. जवळच हिराबाग, जिथे ११ मे १८७८ ला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं होतं, म्हणजे आजच्या साहित्य संमेलनाचा उगम.

माझा आग्रह असा, की पहिलं व्याख्यान वसंत व्याख्यानमालेतलं ऐका. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली ही माला दरवर्षी २१ एप्रिल ते २० मे अशी महिनाभर रोज संध्याकाळी असते. उन्हाळ्याची संध्याकाळ, दिवसभराची काहिली ओसरलेली, आणि रोज नवा वक्ता, नवा विषय. एक दिवस अर्थकारण, दुसऱ्या दिवशी इतिहास, तिसऱ्या दिवशी पर्यावरण. आवडीचा विषय निवडून जाऊ नका. सलग पाच दिवस जा. ज्या विषयात अजिबात रस नाही, त्यावरचा चांगला वक्ता काय करू शकतो हे फक्त असंच कळतं. मी एकदा सहकारी बँकांवरच्या व्याख्यानाला केवळ नेम मोडू नये म्हणून गेले होते आणि दीड तास जागची हलले नाही.

इतिहासाची ओढ असेल तर सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये सुरू केलेलं. तिथे श्रोते कमी आणि फार जाणते असतात, वक्ता मोडी कागद वाचून दाखवतो. विधी महाविद्यालय रस्त्यावरची भांडारकर संस्था १९१७ ची. अभिवाचन, नाट्यवाचन ऐकायचं असेल तर शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच हे छोटं, जवळून ऐकायचं ठिकाण. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो, त्यात लेखकांच्या गप्पाही असतात. पण तिथे गर्दी आणि गोंगाट असतो. पुस्तकं घ्यायला जा, ऐकण्याची सवय लावायला नको.

कार्यक्रमाचा क्रम एकदा माहीत झाला की कंटाळा येत नाही. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मग व्याख्यान, अध्यक्षीय समारोप, आभार. वक्ता उभा राहायला अर्धा तास लागतो, तो धरूनच चाला. पण परिचय ऐकताना कान बंद करू नका. वक्त्याचं शिक्षण कुठे झालं, त्याचा गुरू कोण, तो कुठल्या गावचा, हे पुढच्या तासाभरात उपयोगी पडतं. आणि आभार मानणारा उभा राहिला म्हणून उठून जाऊ नका. ज्यांनी खुर्च्या मांडल्या, ध्वनिक्षेपक सांभाळला, त्यांची नावं तेवढ्या दोन मिनिटांतच घेतली जातात.

वही न्या. सगळं लिहू नका, तीनच गोष्टी लिहा: एक नवा शब्द, एका पुस्तकाचं नाव, एक प्रश्न. नवा शब्द आणि पुस्तकाचं नाव घेऊन नंतर पुणे नगर वाचन मंदिरात किंवा पुणे मराठी ग्रंथालयात जा. नगर वाचन मंदिर १८४८ चं आहे, ग्रंथालयाचं सभासदत्व फारसं महाग नसतं. प्रश्न विचारायची वेळ आली तर एका वाक्यात विचारा. प्रश्नाच्या नावाखाली दुसरं भाषण करणारे प्रत्येक सभागृहात असतात आणि त्यांच्यामुळे वक्त्याचा वेळ जातो. व्याख्यान संपल्यावर वक्त्याला भेटायला रांग असते, तिथे उभं राहायला संकोच करू नका. 'मी पहिल्यांदाच आलेय' असं सांगितलं की मोठमोठी माणसं थांबून बोलतात, हा माझा अनुभव आहे.

तिसरा टप्पा: मैफल

सवाईला जायचंच आहे, पण आधी लहान बैठकी. गुरुपौर्णिमा आली की आषाढात पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक गायनवर्गाचा कार्यक्रम असतो. त्यांत सकाळी सात-आठ वर्षांची मुलं भूप राग गातात, दुपारी मोठे विद्यार्थी, संध्याकाळी गुरू स्वतः. तिकीट नाही, वर प्रसाद. एका दिवसात एकाच परंपरेचा पहिला धडा आणि पिकलेलं गाणं दोन्ही ऐकायला मिळतं. नवख्या कानासाठी यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये सुरू केलेला पुणे भारत गायन समाज आणि विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये काढलेलं शनिवार पेठेतलं गांधर्व महाविद्यालय, या दोन नावांवर लक्ष ठेवा.

आता ऐकायचं कसं ते. राग ओळखायची घाई मुळीच नको. नवखा माणूस शेजाऱ्याला पहिला प्रश्न 'राग कुठला?' हा विचारतो आणि उत्तर मिळालं की ऐकणं थांबवतो, जणू कोडं सुटलं. आधी तंबोरा ऐका. गायक येण्यापूर्वी तो जुळवत असतात, तेव्हा गप्पा मारू नका. चार तारा, एकामागून एक छेडलेल्या, आणि थोड्या वेळानं त्यांतून तारेवर न वाजवलेला स्वरही ऐकू यायला लागतो. त्या नादात गायकाचा पहिला षड्ज, म्हणजे सा, मिसळतो तो क्षण पकडा. तो पकडता आला तर पहिल्या मैफलीत पुरे झालं.

मग सम. आजोबा 'वाह' म्हणाले ते बहुतेक वेळा समेवर. ताल म्हणजे मात्रांचं एक चक्र आणि त्या चक्राची पहिली मात्रा ती सम. गायक दूरवर फिरून, आता हा परत कसा येणार असं वाटायला लावून, बंदिशीच्या मुखड्यासह, म्हणजे रचनेच्या सुरुवातीच्या शब्दांसह, नेमका तिथे येतो. हे बरोबरीनं अनुभवायचं तर घरी तीनताल मोजायला शिका. सोळा मात्रा. अंगठ्यानं चार बोटांवर मोजा, प्रत्येक बोटाची तीन पेरं आणि टोक, असे चार चोक सोळा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे हात उलटा. खालीच्या सुमाराला डग्ग्याचा, म्हणजे जोडीतल्या मोठ्या वाद्याचा, घुमार गळून नुसता तबल्याचा कोरडा आवाज राहतो, तिथे हमखास लक्ष वेधलं जातं. रेडिओवर द्रुत, म्हणजे जलद, तीनताल लागला की पोळ्या लाटताना मोजायचा, असं मी सहा महिने केलं. एक दिवस हिशेब सुटला आणि समेला मान आपोआप हलली.

विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू असताना मात्र मोजायला जाऊ नका. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा असतात, पण एकेक मात्रा चार-चार सेकंदांची झाली तर एक आवर्तन, म्हणजे तालाचं एक चक्र, पाऊण मिनिटाहून लांब होतं. तिथे सुरुवातीला तबल्यावर भरवसा ठेवा आणि स्वरांची बढत, म्हणजे राग हळूहळू कसा उलगडतो ते, ऐका. गायक षड्जाभोवती किती वेळ राहतो, वरच्या षड्जाला किती उशिरा पोचतो. वाटेत कुठल्या स्वरावर पुन्हा पुन्हा थांबतो? रागाचं हे घर कसं लावलेलं आहे, एवढंच पाहायचं.

रागांपैकी पाच पुरेत: यमन, भूप, भीमपलास, मालकंस, भैरवी. भूपात पाचच स्वर, सा रे ग प ध, मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत. यमनात सातही, आणि मध्यम तीव्र. एकदा भूप आणि लगेच यमन असा ऐका. यमनातला तीव्र मध्यम आला की खोलीत दिवा लागल्यासारखं वाटेल. मालकंसात ऋषभ (रे) आणि पंचम (प) नसतात, त्यामुळे तो खोल आणि गंभीर लागतो. ही नावं शेजाऱ्याला सांगण्यासाठी नाहीत, स्वतःशी धरून ठेवण्यासाठी आहेत.

वेळेची गंमतही लक्षात घ्या. संध्याकाळच्या कार्यक्रमात तुम्हाला मुलतानी, मारवा, पूरिया, यमन भरपूर मिळतील. पूर्वी मैफली रात्रभर चालायच्या, आता ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे आणि वर्षातले मोजके दिवसच बारापर्यंत सूट मिळते. त्यामुळे उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग प्रत्यक्षात ऐकायला मिळणं दुर्मीळ झालंय. सकाळच्या मैफलीची जाहिरात दिसली, दिवाळी पहाट असो वा कुणाच्या स्मृतिदिनाची प्रातःकालीन सभा, तर झोप मोडून जा. भैरव, तोडी, ललत त्यांच्या वेळेला ऐकण्याची तेवढीच संधी असते. रात्रीचे राग असे दुरावणं ही मला स्वतःला मोठी हानी वाटते आणि बंद सभागृहांत रात्रीच्या बैठकी वाढाव्यात असं मनापासून वाटतं.

आता सवाई. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य आणि भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर यांचे गुरू. ते १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. अनेक दशकं तो रमणबागेत होत असे, २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. डिसेंबर, पाच दिवस. स्वारगेटपर्यंत मेट्रोनं जा आणि पुढे रिक्षा करा. गाडी नेऊन जागा शोधत बसलात तर पहिला कलाकार हुकतो.

पहिल्या वर्षी सगळे पाच दिवस नकोत. एका दिवसाचं, भारतीय बैठकीचं, म्हणजे खाली सतरंजीवर बसायचं, तिकीट घ्या. ते स्वस्त असतं आणि जुनेजाणते श्रोते त्यातच भेटतात. दिवस निवडताना मोठ्या नावाकडे पाहू नका, असा दिवस निवडा ज्यात गायन, सतार किंवा सरोद आणि बासरी असं वेगवेगळं आहे. सुरुवातीच्या तरुण कलाकाराला ऐकायला वेळेवर या. शाल किंवा स्वेटर हवाच, उघड्या मैदानावर रात्री आठनंतर थंडी झोंबते. पाठ टेकायची सवय असेल तर छोटी उशी. ध्वनिक्षेपकाच्या थेट समोर बसू नका, साधारण मधोमध, थोडं मागे. त्याच दिवसांत सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' हे लघुपट आणि 'अंतरंग' या मुलाखती असतात, त्या चुकवू नका. ज्याला संध्याकाळी ऐकायचं त्याचं बोलणं सकाळी ऐकलेलं असलं की गाणं ओळखीचं वाटतं.

रीतिरिवाज थोडे आहेत. आलाप चालू असताना ये-जा नको, एक रचना संपली की उठा. मला एका ठिकाणी उशीर झाला आणि दारावरच्या कार्यकर्त्यानं विलंबित संपेपर्यंत, म्हणजे चाळीस मिनिटं, बाहेर उभं केलं. तेव्हा राग आला होता, आज मी त्याच्या बाजूची आहे. फोन बंद, ध्वनिमुद्रण नाही. दाद मनापासून आली तर द्या, न आली तर गप्प बसा, गप्प बसणारा श्रोताही गायकाला कळतो. गुरूचं नाव घेताना गायक कानाच्या पाळीला हात लावतो, त्याचं नवल वाटू देऊ नका, तो नमस्कार आहे. आणि भैरवी सुरू झाली की मैफल संपत आली. भैरवीनंतर दुसरा राग गायचा नाही असा संकेत आहे. सवाईची सांगता सवाई गंधर्वांच्याच आवाजातल्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेनं होते. हजारो माणसं एका जुन्या मुद्रिकेची खरखर शांतपणे ऐकत बसलेली असतात. ते एकदा बघाच.

चौथा टप्पा: माइकसमोर

सगळ्यांनाच निवेदक व्हायचं नसतं. पण वर्षभर ऐकल्यावर अनेकांना बोलावंसं वाटतं, मलाही वाटलं. सवाईच्या मंचावर वर्षानुवर्षं निवेदन करणारे आनंद देशमुख हे मूळचे आकाशवाणीचे. कलाकाराची ओळख करून देऊन ते ज्या क्षणी थांबतात, तो क्षण ऐका. बोलणाऱ्याला गाण्याच्या वाटेतून बाजूला कधी व्हायचं हे कळलं पाहिजे आणि ते ऐकणाऱ्यालाच कळतं.

सराव घरी करा. रोज वृत्तपत्रातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. तपासायचं ते हे: ण आणि न, श आणि ष, ळ. मराठीतले दोन च आणि दोन ज. चार आणि चारा या दोन शब्दांतला च सारखा नाही, 'जरा थांब' मधला जरा आणि म्हातारपणाचा जरा हेही वेगळे. माझा मराठवाडी हेल मी घालवला नाही, घालवूही नये. गावाची चाल आवाजात असू द्यावी, शब्द मात्र स्पष्ट हवेत. प, फ, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत जातो आणि माइकमध्ये धप्प आवाज येतो, म्हणून माइक वीतभर लांब आणि तोंडासमोर नाही, जरा कडेला. कागद टाचू नका, उलटताना सळसळ होते, सुटे कागद शेजारी सरकवत जा. वाक्यं कानासाठी लिहा. जे वाक्य एका श्वासात म्हणता येत नाही ते दोन करा.

पहिली संधी आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात किंवा कोजागिरीला मिळते. अशाच एका कोजागिरीला मी पाहुण्या गायिकेचं आडनाव चुकीचं उच्चारलं. त्यांनी काही म्हटलं नाही, पण त्यांच्या आईचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला आधी भेटून त्याच्याच तोंडून नाव म्हणवून घेते आणि कागदावर फोड करून लिहिते. गुरूंचं नाव, घराणं, साथीदारांची नावं, सगळं. संवादिनीवर, म्हणजे पेटीवर, कोण आणि तंबोऱ्यावर कोण हे न सांगता कधीही थांबू नका.

आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून काम करायचं तर केंद्राकडून जाहिरात निघते. लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी, मग प्रशिक्षण, आणि त्यानंतर महिन्याला मोजक्या ड्यूट्या. पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून याकडे पाहू नका. नोकरी सांभाळून करणारेच बहुतेक जण असतात. समुदाय रेडिओचं धोरणच असं आहे की किमान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा, म्हणून तिथे जाऊन विचारायला लाजू नका. जाताना तयार कार्यक्रमाची कल्पना न्या, 'मला बोलायची आवड आहे' एवढ्यावर कुणाचं काम होत नाही. 'आमच्या भागातल्या भजनी मंडळांवर दहा-दहा मिनिटांचे चार भाग' असं सांगितलंत तर समोरचा माणूस खुर्ची पुढे करतो. खासगी वाहिन्यांना दोन मिनिटांचा नमुना लागतो. तो पाठांतर केल्यासारखा नको, मैत्रिणीला सांगावं तसा.

आणि या सगळ्याच्या आधी एक सोपं काम आजच करता येईल. ज्या निवेदकाचा एखादा कार्यक्रम आवडला त्याला पोस्टकार्ड लिहा. 'आकाशवाणी, शिवाजीनगर, पुणे' एवढ्या पत्त्यावर पत्र पोचतं. काय आवडलं, कुठलं वाक्य लक्षात राहिलं, गाण्याची निवड कशी वाटली, चार ओळींत. काकू दर महिन्याला एक लिहायच्या. त्यांची दृष्टी कमी झाल्यावर त्या सांगायच्या आणि मी लिहायचे, आणि एका रविवारी सकाळी पत्रोत्तरात त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी दुधाखालचा गॅस बंद केला आणि मला म्हणाल्या, "आवाज वाढव गं."